भालूकाकांचा यंत्रपुजारी

“ताई, रविवारी सकाळी अर्धा तास मरायला जमेल का?”

माझ्या एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात कात्री, गॅसवर चहाचं आधण. आणि दारात हा प्रश्न घेऊन भालूकाका. चेहरा असा, की जणू वाटीभर साखर मागायला आलेत.

“अहो काका, मागच्याच महिन्यात मेले ना मी.”

“ते गुदमरून. हे चेंगरून. अभिनय वेगळा आहे.”

भालचंद्र दीक्षित, वय सत्तरीच्या पुढे, राहणार इंदिरानगर, आमच्या सोसायटीचा तिसरा मजला. सातपूरच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर लोक फिरायला जातात, हास्यक्लबात जातात, नातवंडांना शाळेत सोडतात. भालूकाकांनी मोबाइलवर विज्ञानपट काढायला घेतले. सगळे विज्ञानपट धर्माची खरडपट्टी काढणारे, आणि सगळ्यांत कलाकार आमच्या सोसायटीतले, कारण बाहेरचं कोणी येत नाही. मी विमा कचेरीत नोकरी करते आणि दुसरं कोणी तयार होईना म्हणून सोसायटीची सेक्रेटरीही आहे. टाकीची मोटर आणि पार्किंगची भांडणं यांतच माझा जीव मेटाकुटीला येतो. त्यात काकांच्या प्रत्येक सिनेमाबद्दलची तक्रार माझ्याकडे, आणि प्रत्येक सिनेमातलं मरणही माझ्याकडेच.

पहिल्यांदा मेले ती मंगळावर. तिथल्या वसाहतीत प्राणवायू कोणाला आधी द्यायचा हे कूळ विचारून ठरतं. माझ्या नळकांड्याला भलत्याच माणसाचा हात लागला, म्हणून ते विटाळलं, म्हणून मला ते वापरू दिलं नाही, म्हणून मी गुदमरले. त्याआधी एकदा अवकाशयानात साथीच्या तापाने जाणार होते, कारण कप्तान लशीऐवजी ताईत वाटत होता, पण मी मनापासून कण्हायला लागले तर काका कॅमेऱ्यामागून ओरडले, “ताई, लवकर आटपा, बॅटरी संपतेय.” तो सिनेमा अर्धाच राहिला आणि मी वाचले. आणि आता हे चेंगरून. चंद्रावर देऊळ बांधलंय, तिथेही पासवाल्यांची वेगळी रांग आहे, आणि दार उघडताच झुंबड उडते.

“चंद्रावर माणसाचं वजन कमी होतं म्हणतात ना? मग चेंगराचेंगरी कशी होईल?” मी विचारलं.

काका गंभीर झाले. “श्रद्धेला वजन असतं, ताई.”

रविवारी जाऊन मेले.

काकांच्या तोंडी दोनच शब्द कायम. एक, “पुरावा?” दूधवाला म्हणाला, काका काल दोन पिशव्या घेतल्या, की “पुरावा?” कुसुमकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या की तुम्हाला ताप आहे, की “पुरावा?” काकूंनी काखेत थर्मामीटर खुपसून तो पुरावा द्यायचा. आणि दुसरा शब्द सिनेमा संपल्यावरचा. शेवटचं दृश्य पडद्यावर थिजवून ते प्रेक्षकांसमोर उभे राहतात आणि तर्जनी वर करून म्हणतात, “विचार करा!” लोक खुर्च्या सरकवून जिन्याकडे पळतात.

कुसुमकाकूंचा छळ तर माझ्याहून मोठा. त्या रोज पहाटे देवपूजा करणाऱ्या, एकादशी धरणाऱ्या. नवरा देव नाही म्हणून सिनेमा काढतो याचं त्यांना काही नाही. त्यांचं दुःख वेगळं आहे.

“इडलीपात्र गेलं गं,” त्या मला जिन्यात गाठून सांगतात. “उडती तबकडी केली त्याची. सांबार तयार आहे, इडली आकाशात.”

पगारे सरांची कथा आणखी वेगळी. सर दुसऱ्या मजल्यावर राहतात, शाळेत गणित शिकवतात. घर बौद्ध, देव-बिव मानत नाहीत, म्हणून काकांना ते हक्काचे वाटतात. एका सिनेमात काकांनी त्यांना परग्रहवासी केलं. परग्रहवासी गोदावरीच्या रामकुंडावर उतरतो आणि लोक त्याला आधी गोत्र विचारतात, अशी गोष्ट. सरांना डोक्यापासून पायापर्यंत पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदात गुंडाळलं, कुकरची रिंग डोक्यावर बसवली आणि भर सकाळी घाटावर उभं केलं. काका मोबाइल घेऊन लांब पायऱ्यांवर. मी चपला सांभाळायला.

ऊन पडलं तसे सर लखलखायला लागले. यात्रेकरू थांबले. सटाण्याकडची एक म्हातारी पुढे आली आणि मला म्हणाली, “ओ ताई, हाऊ कोनता देव शे?” मी तोंड उघडायच्या आत तिने सरांच्या पायावर डोकं ठेवलं. मग तिच्या सुनेने. मग कोणीतरी झेंडूची माळ घातली. एका बाईने तान्हं मूल पायाशी आणून ठेवलं. सर बिचारे हलूही शकत नव्हते, कागद फाटला असता.

काका पायऱ्या उतरून धावत आले. “अहो, बाजूला व्हा! हा देव नाही! हे पगारे आहेत!”

“पगारेबाबा की जय!” मागून कोणीतरी आवाज दिला.

रिक्षातून परत येताना काका संतापाने सगळ्या घाटाला नावं ठेवत होते. सर मात्र शांतपणे हातावरचा कागद सोलत बसले होते. मग म्हणाले, “माझ्या आजोबांना या गावाने देवळात जाऊ दिलं नव्हतं, भालूकाका. आणि आज नातवाला देव करून टाकलं. मधल्यामध्ये माणूस करायचं तेवढं राहूनच गेलं.”

काकांनी कुकरची रिंग मांडीवर घेतली. घर येईपर्यंत ती नुसती फिरवत बसले. मला वाटलं, सुटलो, आता सिनेमा बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. “ताई, नवीन विषय सुचला.”

त्या विषयाचं नाव ‘यंत्रपुजारी’. त्याची जाहिरात त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, ती गणपती बसायच्या आदल्या दिवशी: “यंत्रपुजारी! देव हँग झाला! गच्चीवर, आरतीनंतर, सर्वांनी यावे.” संध्याकाळपर्यंत चार जण ग्रुप सोडून गेले. त्यांना पुन्हा आत घ्यायचं काम माझं. पहिल्या मजल्यावरच्या भजनी मंडळाच्या बायका माझ्या घरी येऊन बसल्या. गणपतीच्या कार्यक्रमात देवाची टवाळी चालणार नाही, त्या म्हणाल्या. मी वर जाऊन काकांना सांगितलं. ते म्हणाले, “बुद्धीची देवता ना? मग तिच्यासमोर बुद्धीचं काही नको का एखादं?” मी खाली आले. पुन्हा वर गेले. शेवटी असं ठरलं, की आधी भजन, मग आरती, मग सिनेमा. ज्यांना नको त्यांनी प्रसाद घेऊन खाली जायचं. आयुष्यात एवढी वाटाघाट मी पॉलिसीधारकांशीही केलेली नाही.

त्याच दिवशी कुसुमकाकूंनी मला जिन्यात थांबवलं. मला वाटलं, पुन्हा इडलीपात्र.

“अण्णांना बोलावलंय मी सिनेमाला,” त्या हळूच म्हणाल्या.

“कोण अण्णा?”

“ह्यांचे थोरले भाऊ.”

काकांना भाऊ आहे हेच मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत नाव ऐकलं नव्हतं. काकूंनी तिथेच पायरीवर बसून सांगितलं. दीक्षितांचं घर पंचवटीतलं. पिढ्यान् पिढ्या गोदावरीवर यात्रेकरूंचे विधी करणारं. अण्णा वडिलांच्या मागे तेच करत राहिले, आजही करतात. भालूकाकाही लहानपणी सगळं शिकले, पण मन लागलं नाही, कारखान्यात गेले. तोवर भांडण नव्हतं. मग आई गेली. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. सगळे नातेवाईक ताटकळत उभे. कोणी म्हणालं, आईची काही इच्छा राहिली असेल. कोणी म्हणालं, धाकट्यावर जीव होता, धाकट्याने हात जोडून काहीतरी कबूल करावं. भालूकाका भडकले. कावळ्याला आईचं मन कळतं याला पुरावा काय, असं सगळ्यांदेखत विचारून तिथून निघाले ते निघालेच. पुढचं सगळं अण्णांनी एकट्याने केलं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. दोघंही एकाच गावात, रिक्षाने जाण्याच्या अंतरावर.

“आणि तुम्ही त्यांना नेमका हा सिनेमा दाखवणार?” मी कपाळाला हात लावला.

“दुसरं कशाला बोलावू?” काकू म्हणाल्या. “हे दुसरं काही करतच नाहीत.”

दुसऱ्या दिवशी गणपती बसला, संध्याकाळी आरती झाली, मोदक वाटून झाले. भजनी मंडळातली एकही बाई खाली गेली नाही. काय दाखवतात ते बघायला सगळ्या पुढच्या रांगेत. पडदा म्हणून चादर बांधली होती. तेवढ्यात जिन्यातून एक वृद्ध गृहस्थ वर आले. धोतर, उपरणं, कपाळावर गंध, शेंडी, आणि नाक हुबेहूब भालूकाकांचं. मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले.

काकांनी त्यांना पाहिलं. प्रोजेक्टरचं बटण त्यांना सापडेना. सिनेमा मधूनच सुरू झाला, मग थांबला, मग उलटा गेला. मला वाटलं, आता भांडण होणार, गच्चीवर, गणपतीत, माझ्या सेक्रेटरीपदाच्या काळात.

गोष्ट अशी होती. पुढच्या शतकात पुजारी मिळत नाहीत म्हणून घाटावर यंत्र बसवलंय. वॉशिंग मशीनच्या खोक्यातून केलेलं, चंदेरी हातांचं, आवाज काकांचा. यंत्र प्रत्येकाला गोत्र विचारतं. पगारे सर वडिलांचे विधी करायला येतात आणि म्हणतात, गोत्र नाही. यंत्र म्हणतं, “‘नाही’ हे गोत्र यादीत नाही. कृपया दुसरं गोत्र सांगा.” सर पुन्हा म्हणतात, नाही. यंत्र म्हणतं, “मृताने प्रतीक्षा करावी.” मागे रांग वाढत जाते. त्याच रांगेत एक मुलगा आईसाठी पाणी सोडायला आलेला असतो. यंत्र त्याचा विधी घाईघाईत उरकून टाकतं. शेवटी सरांच्या “नाही”पुढे यंत्र बंद पडतं, आणि लोक म्हणतात, यंत्राने समाधी घेतली. हार घालतात, आणि खोक्याभोवती देऊळ उभं राहतं.

सिनेमा संपला. काका नेहमीसारखे पुढे आले नाहीत. प्रोजेक्टरशीच उभे राहिले. भजनी मंडळाच्या बायका चुळबुळत राहिल्या, कारण ‘मृताने प्रतीक्षा करावी’ला त्या खळखळून हसल्या होत्या आणि आता कोणत्या तोंडाने रागवायचं हे त्यांना कळेना.

अण्णा उठले. सावकाश चालत काकांसमोर आले.

“भाल्या,” ते म्हणाले, “गोत्राचा प्रसंग बरोबर आहे. तो कापू नकोस.”

पगारे सरांनी मान वर करून पाहिलं. अण्णांनी त्यांच्याकडे बघून हात जोडले. सरांनीही हात जोडले.

“पण आईचा प्रसंग चुकलाय,” अण्णा पुढे म्हणाले. “यंत्र त्याला बोटांच्या टोकावरून पाणी सोडायला लावतंय. ते देवांना. पितरांना अंगठ्याच्या बाजूने सोडतात.”

“मुद्दामच केलंय,” काका म्हणाले. आवाज चढला होता, पण फाटका. “यंत्राला काय कळतंय?”

“यंत्राला नाही कळत. तुला कळतं ना?”

“सिनेमात काय फरक पडतो?”

“मग बरोबर दाखवलंस तर काय बिघडतं? टीका करायची तर नीट करावी. चुकीच्या विधीवर केलेली टीका आमच्यावर होत नाही, तुझ्यावर होते.”

आणि मग दोघं भावांनी गच्चीवर अंगठ्याची बाजू आणि बोटांची टोकं यांवर असा कडाक्याचा वाद घातला, की शेवटी मला दिवे घालवून लोकांना खाली पाठवावं लागलं. इतक्या वर्षांचा अबोला अखेर सुटला तो असा. मी कुलूप घेऊन जिन्यात उभी. “काका, मला सकाळी ऑफिस आहे,” मी म्हणाले. कोणी ऐकलं नाही.

ठरलं ते हे, की तो प्रसंग पुन्हा घ्यायचा. यंत्राचा हात आणि आवाज अण्णांचा. मुलाचं काम करणारे चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ लेकीकडे पुण्याला गेले होते, आणि प्रसंगात हातच तेवढे दिसणार होते, म्हणून मुलाच्या जागी काका स्वतः बसणार. मग मोबाइल कोणी धरायचा? मी. अर्थात मीच.

रविवारी सकाळी काकांच्या हॉलमध्ये चित्रीकरण. कुसुमकाकूंनी ताम्हण, पळी, तीळ आणून ठेवले. अण्णांच्या हाताला चंदेरी कागद गुंडाळताना काकांनी इतका वेळ लावला, की अण्णा म्हणाले, “अरे, यंत्र करतोयस की पुरणपोळीचा डबा?” मग यंत्रासारखं बोलायची तालीम. अण्णांचा आवाज काही केल्या यंत्राचा होईना. तो घाटावरचा खर्जातला, चार खोल्यांत ऐकू जाणारा. काका म्हणत होते, भावना काढ. अण्णा म्हणत होते, भावना कुठे घातलीय मी? असं तीनदा. माझा हात दुखायला लागला.

“चला आता, एकदाच आणि नीट,” मी शेवटी ओरडले. दोघंही दचकून समोरासमोर बसले. मी मोबाइल सुरू केला.

“गोत्र,” यंत्र म्हणालं.

काकांनी सांगितलं.

“मातेचं नाव.”

पटकथेत तिथे काहीतरी खोटं नाव होतं. मी आधी वाचलं होतं. काका ताम्हणाकडे बघत राहिले. मला वाटलं, विसरले; मी ओठांनी सांगायला लागले. काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

“मथुरा,” ते म्हणाले.

अण्णांचा हात ताम्हणावर थांबला. मग त्यांनी पळीभर पाणी काकांच्या ओंजळीत घातलं आणि मंत्र म्हणायला सुरुवात केली. यंत्राचा आवाज नव्हता तो. काकांनी ओंजळ वळवली आणि अंगठ्याच्या बाजूने पाणी सोडलं. अण्णांनी पुन्हा घातलं. पुन्हा सोडलं. कुसुमकाकू स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

तिसऱ्यांदा पाणी सोडून झाल्यावर काकांनी हात तसाच ठेवला. “अण्णा,” ते म्हणाले, “मला त्या दिवशी फक्त रडायचं होतं रे. आणि सगळे मला सांगत होते, जानवं उजवीकडे घे, आता डावीकडे घे. इकडे तोंड कर, तिकडे कर. रडायला कोणी जागाच ठेवली नव्हती.”

अण्णा हातावरचा ओला कागद चाचपत राहिले.

“मलाही रडायचं होतं,” ते म्हणाले. “पण ते सगळं सांगणारा मीच होतो ना. मध्ये थांबलो असतो तर पुढचं कोणी सांगितलं असतं?”

मी मोबाइल बंद केला, टेबलावर ठेवला, आणि घरी आले. कोणी मला थांबवलं नाही.

‘यंत्रपुजारी’ आता पुरा झालाय. गोत्राचा प्रसंग जसाच्या तसा आहे, आईचा प्रसंग अजिबात नाही. पगारे सरांनी तो त्यांच्या शाळेत दाखवला. भजनी मंडळाच्या बायकांनी काकांना चक्क पुढच्या सिनेमात काम मागितलं, मरणाचं नको म्हणाल्या. मी काकांना विचारलं, “तुमची मतं काही बदलली का हो?”

“छे!” ते म्हणाले. “वर कोणी नाही. पुढच्या सिनेमात ते आणखी स्पष्ट करणार आहे.”

“मग आईचा प्रसंग का काढला? इतका हात दुखवून घेतला मी.”

काका गॅलरीत उभे होते. रविवार होता. अंगात इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली, आणि नजर खाली सोसायटीच्या फाटकावर.

“तो सिनेमाचा भाग नव्हता, ताई,” ते म्हणाले. मग कठड्यावरून वाकून बघत, “येतो म्हणाला होता. अजून रिक्षा दिसत नाही.”

मला भाजी आणायची होती, मोटरवाल्याला फोन करायचा होता. मी पिशवी कठड्यावर ठेवली आणि त्यांच्याबरोबर फाटकाकडे बघत उभी राहिले.